सेंटॉर अपडेट: फोरपीकची एक बाजू अखेर बसली

मंडळी, बसली! आमच्या सेंटॉरचं, म्हणजे वेस्टर्लीच्या जुन्या शिडाच्या बोटीचं, आतलं अस्तर नवं करतोय, त्यात फोरपीकचं (पुढच्या टोकाची केबिन) स्टारबोर्डचं, म्हणजे उजव्या बाजूचं पॅनल बसलं, एक सुरकुती नाही, आणि मी बर्थवर आडवा पडून बराच वेळ नुसता त्याच्याकडे बघत होतो.

सलूनचं (मधल्या केबिनचं) छत उरकल्याचं मागे लिहिलंच होतं. जुनं फोमवालं व्हाइनिल उतरवायचं काम आता आठवायचंही नाही, हात लागला की तपकिरी चिकट भुगा, मास्क लावूनही नाकात. जुन्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीचं छत डोक्यावर लोंबायचं ना, अगदी तसं. त्यात ग्लू जागेवरच असतो, मरतो तो फोम, म्हणून वरून परत चिकटवण्यात अर्थ नाही, ड्रिलला वायरचा कप ब्रश लावून फायबरग्लासपर्यंत खरवडायचं.

तर फोरपीक. डिझाइन लॉरेंट जाइल्सचं, यार्डात खाली उभं राहून बघितलं की हलचं, म्हणजे बोटीच्या कवचाचं, वळण काय सुंदर दिसतं, पण आतून तेच वळण जीव खातं. बोट पुढे निमुळती होत जाते आणि वर बाहेर फाकते, म्हणजे वळण दोन्हीकडून, आणि प्लाय वाकणार एकाच दिशेत. 1969 ते 1980 मधे दोन हजारांवर सेंटॉर बनल्या, इतरांनी इथे काय केलं देव जाणे.

आधी व्हाइनिल थेट हलला लावून बघितलं. दुकानवाला छातीठोकपणे म्हणाला चारी बाजूंनी ताणणारं घ्या, हवं तसं बसेल. ताणलं छान, पण खोलगट भागात ताणलेलं व्हाइनिल परत सरळ व्हायला बघतं, सकाळी मधे पोकळ. सैल सोडलं तर सुरकुत्या. मग 4 मिमी मरीन प्लाय, बीएस 1088वाला (मरीन प्लायचं ब्रिटिश स्टँडर्ड). एक टोक दाबलं की दुसरं दोन बोटं बाहेर. गरम पाण्याचे फडके ठेवून झाले, ढिम्म. बेंडी प्लाय (सहज वाकणारा) सुचवणाऱ्यांनो, तो सहसा मरीन ग्रेडचा नसतो, आणि बोटीत पाणी पिणारं लाकूड मी लावणार नाही, विषय संपला.

शेवटी हार्डबोर्डच्या पट्ट्या हॉट ग्लूने जाळीसारख्या जोडून हलवरच टेम्प्लेट बनवलं आणि काढून जमिनीवर ठेवलं तर ते डुगडुगायला लागलं. जिथे डुगडुगतंय तिथेच पीळ आहे! तिथून लांबीत कापलं आणि दोन्ही तुकडे निमूट एकेका दिशेत वाकले. जोडावर टीकची पट्टी मारली, ती तर मुद्दाम डिझाइन केल्यासारखी दिसते 😄

पॅनलवर व्हाइनिल चढवायचं काम घरी केलं. इंग्लंडमधल्या मेडवे नदीवरच्या या गारठ्यात आणि दमट हवेत कॉन्टॅक्ट ग्लू धड सुकत नाही, आणि ग्लू हाय-टेम्परेचरवालाच घ्या, उन्हात डेक तापला की साधा सोडतो. दोन्हीकडे लावायचा, बोटाला चिकटेनासा झाला की मगच टेकवायचं. खिडक्या उघड्या टाकल्या तरी वासाने बायको वैतागली. स्टेपल मारले नाहीत, 4 मिमी प्लायमधून 6 मिमीची पिन थेट समोर डोकं काढते, त्यामुळे कडा मागे वळवून ग्लूनेच.

आणि हे लिहिता लिहिता एक सुचलं. पॅनलच्या मागे स्टँचनचे (डेकच्या कठड्याच्या खांबांचे) नट आहेत, उद्या एखादा गळला तर सगळं उखडायचं का? म्हणजे स्क्रू आणि कप वॉशर, पॅनल कधीही उतरवता आलं पाहिजे. आणि उतरवणारच असू तर मागे 10 मिमी क्लोज्ड-सेल फोम (पाणी न शोषणारा) का नको, थंडीत हलवरून थेंब उशीवर पडतात ते तरी थांबेल. मग बॅटन (पॅनलमागच्या आधाराच्या पट्ट्या) 12 मिमीचे लागतील. पोर्टचे, म्हणजे डावीकडचे, अजून चिकटवले नाहीत हे बरं, स्टारबोर्डचं मात्र परत काढायचं. काढतो.

पोर्टला तेच टेम्प्लेट उलटं धरून बघितलं, पुढच्या टोकाला बोटभर फरक. म्हणजे पट्ट्या परत कापणं आलं. तो फोम कोणी नुसता बॅटनमधे दाबून बसवलाय का? राहतो, की हलला चिकटवावाच लागतो? शनिवारच्या आत सांगा, ऑर्डर द्यायचीये.