आगळाच्या बाटल्या क्लाउडवर चढवताना

मालवणच्या मामींच्या कोकम-आगळाच्या दुकानासाठी मी जँगोमध्ये (वेबसाइट बांधण्याची पायथन भाषेतली चौकट) बांधलेली वेबसाइट माझ्या लॅपटॉपवर महिनाभर निमूट चालत होती, क्लाउडवर चढवल्यानंतर मात्र दुसऱ्याच दिवशी मामींचा फोन आला, "बाटल्यांचे फोटो खंय गेले रे?"

चूक माझीच होती. बऱ्याच होस्टिंग प्लॅटफॉर्मवर ॲप्लिकेशन ज्या कंटेनरमध्ये, म्हणजे सर्व्हरवरच्या एका स्वतंत्र कप्प्यात चालते, त्याची डिस्क तात्पुरती असते. नवी आवृत्ती चढवली की जुना कंटेनर मोडीत निघतो आणि ॲडमिनमधून, म्हणजे दुकानदाराच्या पानावरून, अपलोड केलेल्या फाइली त्याच्याबरोबर जातात. डेटाबेस वेगळ्या सर्व्हरवर असल्यामुळे ऑर्डरी, दर आणि साठ्याचे आकडे शाबूत होते, इतकेच काय, फोटोंची नावेही नोंदीत होती. नव्हते ते फक्त फोटो. त्यानंतर सगळ्या फाइली मी ॲमेझॉनच्या एस-३ या फाइली साठवण्याच्या सेवेतल्या बकेटमध्ये (साठवणीच्या जागेत) हलवल्या आणि बकेट २०१६ मध्ये सुरू झालेल्या मुंबई रीजनमध्येच (तिथल्या डेटा सेंटरांत) घेतली, कारण गिऱ्हाईक बहुतेक पुण्या-मुंबईचे.

गुप्त किल्ल्या (पासवर्डसारख्या गोष्टी) कोडमधून काढून एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे कोडबाहेरच्या सेटिंगमध्ये टाकणे, चुकांचा तपशील दाखवणारा डीबग बंद करणे, सुरक्षित जोडणीसाठी एचटीटीपीएस लावणे ही कामे एका संध्याकाळी उरकली. पेमेंटने मात्र पुन्हा अडवले. आमच्या पेमेंट गेटवेला (ऑनलाइन पैसे घेणाऱ्या सेवेला) रक्कम रुपयांत नव्हे, पैशांत द्यावी लागते, हे वाचूनही मी विसरलो होतो, त्यामुळे २४० रुपयांची आगळाची बाटली २ रुपये ४० पैशांना विकली गेली. व्यवहार चाचणीचा होता म्हणून बरे. मामींना हे मी अजून सांगितलेले नाही.