सुईच्या लेसचं पान: सगळं घोडं ओळीच्या टोकाला अडतं

सुईने लेस विणायला शिकवणारा कुठलाही व्हिडिओ लावा. बाई शांतपणे एकेक टाका दाखवतात, ओळ संपत येते, हात झपकन हलतो आणि पुढच्या क्षणी दुसरी ओळ अर्धी झालेली असते. अहो, मला तेवढंच तर बघायचं होतं!

भाचीला लग्नात मिरवायच्या बटव्यावर उठावाचं पान हवं होतं. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये अशी सुटी पानं-पाकळ्या सुईने विणून भरतकामावर लावत, तशातलं. टाका म्हणाल तर आपला काजाचाच, शाळेत शिवणाच्या तासाला रुमालाच्या कडेला घातलेला. फक्त इथे तो कापडात शिरतच नाही. पानाच्या आकारावर दुहेरी दोरा ठेवून तो बारीक टाक्यांनी कापडाला बांधायचा. आतलं सगळं काम त्या कडेच्या दोऱ्याला आणि वरच्या ओळीच्या फासांना अडकवत करायचं. ओळ डावीकडून उजवीकडे भरायची, टोकाला पोचल्यावर दोरा सरळ ताणून परत डावीकडे न्यायचा, आणि पुढचे टाके घेताना वरचा फास आणि हा सरळ दोरा दोन्ही मिळून सुईवर घ्यायचे. वाचायला सोपं आहे. करायलाही सोपं आहे, टोक येईपर्यंत.

दोऱ्याचं आधी सांगून टाकते. सहा पदरांच्या लडीतले पदर सुटे करून हे काम करू नका. सुई दर टाक्याला पदरांच्या मधून घुसते आणि दोरा पिंजतो. पिळाचा, न फुटणारा दोरा हवा. रविवार पेठेत मी "लेससाठी दोरा" मागितला, तर दुकानदार म्हणाले, "ताई, लेस तयारच घ्या की, मीटरवर आहे." शेवटी क्रोशाचा बारीक दोरा घेतला आणि तोच उत्तम निघाला. सुई क्रॉस-स्टिचची, बोथट टोकाची.

आता ते टोक. माझं पान मधे फुगायच्या ऐवजी कंबर आवळल्यासारखं दिसायला लागलं. शिवाय फास मोजावेत तर कधी एक कमी, कधी एक जास्त. एका भरतकामाच्या क्लासला गेले, खास हेच विचारायला. फी आगाऊ. बाईंनी माझा तुकडा हातात घेतला, "ताण सारखा ठेवा, सरावाने येईल" म्हणाल्या आणि शेजारणीच्या कच्छी टाक्याकडे वळल्या. पुढच्या वेळी विचारलं तेव्हाही तेच. सराव कशाचा करायचा ते कळलं तर करीन ना! चुकीची गोष्ट शंभर वेळा केली तर ती पक्की चुकीची होते. याचा राग मला अजून आहे, लपवत नाही.

मग घरी जाड पुठ्ठ्याला दोन्ही बाजूंनी खाचा पाडल्या, कडेला सुतळी बांधली आणि दाभणात सुतळीच ओवून बोटाएवढे मोठे टाके घातले. आमच्याकडे सगळे हसले. हसू देत. त्या सुतळीत सगळं दिसलं.

ओळीत आठ टाके असतील तर जागा नऊ असतात: टाक्यांच्या मधल्या सात, आणि पहिल्या-शेवटच्या टाक्याचं कडेच्या दोऱ्याशी होणारं अंतर धरून दोन. या टोकाच्या दोन जागांचं काय करायचं, हे कुणी सांगत नाही. दोन्हींत टाका घेतलात तर पुढची ओळ नऊची होते. एकीतच घेतलात तर आठाची आठच राहते. दोन्ही सोडल्यात तर सात. पान रुंदावतं तिथे दोन्ही घ्या, सरळ भागात फक्त डावीकडची, निमुळतं होतं तिथे एकही नाही. एवढंच! हे वाक्य क्लासच्या पहिल्या दिवशी ऐकायला मिळालं असतं तर फी सत्कारणी लागली म्हटलं असतं. (पान फारच झपाट्याने रुंदावत असेल तर एकाच फासात दोन टाके घ्यावे लागतात, पण ते शक्यतो मधे, कडेला नाही.)

कंबर आवळण्याचं कारणही सुतळीतच सापडलं. टोकाला पोचल्यावर दोरा कडेच्या दोऱ्याखालून काढून त्याभोवती एक वेटोळं घ्यायचं. त्याने दोरा एक ओळ खाली उतरतो आणि ओढ वेटोळ्यात अडकून राहते, ओळीला लागत नाही. मग सरळ दोरा डावीकडे न्या आणि तिथेही तसंच एक वेटोळं घ्या. दोरा ताणताना नजर ओळीवर नको, कडेवर ठेवा. कड आत वाकली की सैल करायचं.

दोरा ओळीच्या मधे संपू देऊ नका, मधली जोडणी दिसते. उरलेला दोरा ओळीला पुरणार नाही असं वाटलं तर तिथेच थांबा, तो कडेला गुंडाळून संपवा आणि नवा कडेपासूनच सुरू करा.

माझी बहीण म्हणाली, "एवढ्याशा पानाला इतके दिवस?" फ्रान्समध्ये आलाँसाँ नावाच्या गावची सुईची लेस आहे, २०१० साली युनेस्कोच्या यादीत गेलेली. तिच्या एका चौरस सेंटिमीटरला सात तास लागतात आणि पुरती शिकायला सात ते दहा वर्षं. हे तिला ऐकवलं. त्यावर ती म्हणाली, "मग लग्न कधी ठरवायचं तेही त्यांनाच विचारू." असो.

एक राहिलंच. खाली मांजरपाटाचे दोन थर घ्या, नक्षीवर वहीचं पारदर्शक कव्हर लावा आणि बांधणीचे टाके या सगळ्यातून आरपार घाला. पान पुरं झालं की दोन थर अलग करून मधले दोरे कात्रीने कापायचे, म्हणजे कात्री लेसला लागत नाही. पानाच्या पाठीला बांधणीचे बारके तुकडे चिकटून राहतात. ते भुवयांच्या चिमट्याने ओढून काढा, एकेक.