दोन पाट्यांच्या मध्ये

माओच्या काळातला चीन शिकवायचा म्हटलं की पूर्वी मी फळ्यावर सनावळ्या मांडायचे. १९४९, १९५८, १९६६. मुलं उतरवून घ्यायची, परीक्षेत लिहायची आणि विसरायची. आता आधी चिनी दिग्दर्शक झांग यीमोऊचा १९९४चा चित्रपट 'टू लिव्ह' दाखवते. फळा त्यानंतर.

चित्रपटाचा नायक फूग्वी जुगारात वडिलोपार्जित वाडा हरतो. १९४९च्या कम्युनिस्ट क्रांतीनंतर तो वाडा जिंकणाऱ्यालाच गोळ्या घालतात. पाच बार ऐकून फूग्वीची विजार ओली होते. धापा टाकत घरी येऊन तो बायकोला विचारतो, आपली नोंद कुठल्या वर्गात आहे? इथे मी चित्रपट थांबवते. वाडा हरला नसता तर त्या गोळ्या कुणाला लागल्या असत्या, एवढंच विचारते. 'वर्गशत्रू' या शब्दाची व्याख्या मग सांगावी लागत नाही.

पुढे १९५८, माओंची 'मोठी झेप' ही उत्पादनवाढीची मोहीम. घराघरातली लोखंडी भांडी पोलादासाठी गोळा होतात, जेवण सार्वजनिक खानावळीत. रात्रभर पेटलेल्या भट्ट्या मुलांना जत्रेसारख्या वाटतात. त्याच धामधुमीत, झोपेला आसुसलेला फूग्वीचा लहानगा पडलेल्या भिंतीखाली सापडून जातो. वर्ग सुन्न होतो.

आणि पडद्यावर पाटी येते, साठचं दशक.

मला खरं शिकवायचं असतं ते या पाटीच्या अलीकडे. १९५९ ते १९६१चा भीषण दुष्काळ चित्रपटात नाहीच. अभ्यासकांचे मृत्यूंचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात. अस्मानीपेक्षा ही सुलतानीच जास्त होती. वरच्यांना खूश करायला स्थानिक अधिकारी पिकाचे आकडे फुगवत, सरकार त्या फुगवलेल्या आकड्यांवर धान्य उचलून नेई, आणि पिकवणाऱ्याच्याच घरात दाणा उरत नसे. १९५९मध्ये लुशानच्या बैठकीत संरक्षणमंत्री फंग दहुआई यांनी माओंकडे चुका मांडल्या, तर त्यांचंच पद गेलं. मग खालचा कोण बोलणार?

एवढं सगळं वगळूनही चित्रपटावर चीनमध्ये बंदी आलीच. तरी हे वगळणं मला खुपतं.

यंदा एका मुलीने नेमकं विचारलं, "मॅडम, भांडी तर देऊन टाकली होती. मग खानावळ बंद पडल्यावर त्यांनी शिजवलं कशात?"

उत्तरादाखल मी यू हुआची मूळ कादंबरी काढली. तिच्यात ती वर्षं आहेत. फूग्वीची आजारी बायको वडिलांकडे जाते आणि तांदळाची एक छोटी पिशवी घेऊन परतते. ती पानं मी वर्गात मोठ्याने वाचली. पुढच्या वर्षी ती पाटी येताच चित्रपट थांबवून तिथेच वाचणार आहे.