पितृपक्षातली वॅगनआर

आमच्या घरी पितृपक्षात साधी चप्पलपण नवीन घेत नाहीत आणि मी गाडी घेऊन आलो. आई दोन दिवस धड बोलली नाही. पण नोकरी सांभाळून वर्षाला दोन-तीन जुन्या गाड्या घेऊन विकणाऱ्या माणसाला हेच पंधरा दिवस सोन्याचे, कारण गिऱ्हाईक फिरकत नाही आणि ज्याला पैशाची नड आहे तो खाली उतरतो. 2024 ला सर्वपित्री 2 ऑक्टोबरला होती, दसरा 12 ला, मधल्या दहा दिवसांत गाडी चकाचक करून दसऱ्याला विकायची असा माझा हिशोब.

गाडी मुलुंडच्या एका काकांची, 2011 ची वॅगनआर, कंपनी फिटेड सीएनजी, एमएच झिरो थ्री पासिंग, एकहाती. काका 1 लाख 40 वर अडून होते, 1 लाख 12 ला जमलं. आरसी, म्हणजे गाडीची नोंदणी, 2026 ला संपत होती म्हणूनपण. खरं तर 15 वर्षांनंतर आरटीओला गाडी दाखवून, ग्रीन टॅक्स भरून पुढची 5 वर्षं मिळतात, पण गिऱ्हाईक तेवढं ऐकूनच पळतं.

बघायला गेलो की मी बॉनेट नंतर उघडतो, आधी सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढतो. गाडी पाण्यात बसलेली असेल तर आतल्या वीतभर पट्ट्यावर मातीची रेघ राहतेच, बाकी सगळं धुता येतं. मग कार्पेट उचलून सीटचे बोल्ट गंजलेत का ते. माझी पहिली सँट्रो अशीच बुडालेली निघाली, घेतली तेव्हा मस्त परफ्यूम मारलेला, जूनमध्ये कुबट वास सुटला आणि वायरिंगने जीव खाल्ला, 30 हजार गेले. आमचा मेस्त्री अजून अशा गाडीला '26 जुलैवाली' म्हणतो, 2005 च्या त्या दिवशी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडलेला, किती गाड्या बुडाल्या असतील आणि पुसून विकल्या गेल्या असतील!

वॅगनआर कोरडी होती. क्लच प्लेट, पुढचे लिंक रॉड, डाव्या दरवाज्याचा पत्रा सडलेला तर कुर्ल्याला सीएसटी रोडवर त्याच रंगाचा जुना दरवाजा मिळाला, रंगाचा खर्च वाचला. रबिंग-पॉलिश. सगळे धरून 21 हजार.

अडकलो कागदात. काकांनी लोन कधीच फेडलेलं पण आरसीवर बँकेचं नाव तसंच, एचपी, म्हणजे गाडी बँकेकडे तारण असल्याची नोंद, उतरवलीच नव्हती. एनओसी सापडेना, बँकेकडून परत काढली, मग ती नोंद काढायचा फॉर्म 35. त्यात सीएनजी सिलिंडरची टेस्ट संपलेली, ती दर 3 वर्षांनी लागते, पंपावाल्याने प्लेट बघितली आणि गॅसच दिला नाही. एजंट म्हणाला, 'भाऊ, नाव बदलायच्या फॉर्म 29-30 वर काकांची सही घेऊन ठेव, गाडी डायरेक्ट पुढच्याच्या नावावर चढव.' बरेच जण असंच करतात, ओनर वाढत नाही, भाव पडत नाही. पण काका पक्के, आधी नाव बदला म्हणे. आणि बरोबरच होतं त्यांचं, आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, अपघात झाला तर भरपाईला तोच जबाबदार, सुप्रीम कोर्टाने 2018 ला हेच सांगितलंय. झालो मी सेकंड ओनर. भाव दहा हजाराने खाली.

दसरा गेला. गाडी सोसायटीत व्हिजिटर पार्किंगला, सेक्रेटरी रोज गेटवर गाठून विचारणार 'अजून नाही गेली का?', शेवटी महिन्याचे 2 हजार देऊन शेजारच्या चाळीच्या पटांगणात लावली.

2 नोव्हेंबरला पाडव्याला गेली, कळव्याचं जोडपं, 1 लाख 51 हजार. सगळं वजा जाता हातात 13 हजार, त्यात माझ्या चार सुट्ट्या धरलेल्या नाहीत. आईने स्वतः खाली येऊन गाडीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडायला दिला. ती मुलगी विचारत होती, 'दादा, तुम्ही कधी घेतलेली ही?' मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, 'दसऱ्याच्या सुमारासच गं.'