तुम्ही विचारलंत म्हणून: जपान सोडताना पेन्शनचे पैसे काढून घ्यावेत का?

दर वर्षी जानेवारी उजाडला की माझ्या फोनवर हा प्रश्न यायला लागतो. जपानमधलं शालेय वर्ष मार्चअखेर संपतं, त्यामुळे इंग्रजी शिकवायला आलेली आपली मुलं-मुली तेव्हाच परत जायचं ठरवतात. "ताई, कंपनी म्हणते पेन्शनचे पैसे परत मिळतात. काढून घेऊ ना?"

माझं उत्तर एका शब्दाचं नसतं. त्याआधी मी उलट विचारते, तुझे पैसे मुळात भरले गेलेत का?

मी हे का विचारते ते सांगते. २०१४ च्या एप्रिलमध्ये मी नाशिकहून साइतामाला आले. सरकारी शाळांना इंग्रजीचे सहायक शिक्षक पुरवणाऱ्या एका कंपनीत नोकरी होती. करारावर कामाचे तास लिहिले होते आठवड्याला साडेएकोणतीस. पाच दिवसांनी भागलं तर रोजचे ५ तास ५४ मिनिटं. असा विचित्र आकडा का, हे मला तेव्हा कळलं नाही. प्रत्यक्षात मी सव्वाआठला शाळेत हजर असायचे आणि चारनंतर निघायचे, मधली जेवणाची सुट्टीही मुलांबरोबर वर्गातच जायची. पेन्शनचं विचारलं तर ऑफिसमधल्या माणसाने सांगितलं, "परदेशी शिक्षकांना त्याची गरज नसते. तुम्ही दोन-तीन वर्षांनी परत जाणारच."

हे साफ खोटं होतं. जपानमध्ये राहणाऱ्या २० ते ५९ वयाच्या प्रत्येकाला, नागरिकत्व कुठलंही असो, पेन्शन योजनेत असावंच लागतं. नोकरदारांची ती कोसेइ नेन्किन. पगाराच्या श्रेणीवर, म्हणजे तुमचा पगार ज्या ठरावीक टप्प्यात बसतो त्या रकमेवर, १८.३ टक्के, त्यातले निम्मे तुमचे आणि निम्मे मालकाचे. ज्यांना ती लागू होत नाही त्यांनी कोकुमिन नेन्किन स्वतःच्या खिशातून भरायची. आणि पूर्णवेळ माणसाच्या तासांच्या तीन चतुर्थांश काम असेल, म्हणजे ४० तासांच्या आठवड्यात ३० तास, तर मालकाला कोसेइ नेन्किन टाळता येत नाही. साडेएकोणतीस या आकड्याचा उगम तिथे आहे. अर्ध्या तासाच्या फरकाने कंपनीचा दरमहाचा वाटा वाचत होता आणि हजारो शिक्षक योजनेबाहेर राहत होते.

२०१६ च्या ऑक्टोबरमध्ये नियम बदलला. ५०० हून जास्त कामगार असलेल्या कंपन्यांना आठवड्याला २० तास काम आणि महिन्याला ८८,००० येन पगार असलेल्यांनाही सामावून घेणं बंधनकारक झालं. (२०२२ मध्ये ही मर्यादा १०१ कामगारांवर आली, २०२४ च्या ऑक्टोबरपासून ५१ वर.) माझ्या नोव्हेंबरच्या पगारपत्रकात एक नवी ओळ दिसली आणि हातात येणारी रक्कम घटली. आमच्यातले बरेच जण चिडले. मला त्या ओळीचा अर्थ समजून घ्यायचा होता, म्हणून मी नेन्किन जिमुशोत, म्हणजे पेन्शन कार्यालयात गेले.

काउंटरपलीकडच्या बाईंनी एक छापील कागद माझ्यासमोर सरकवला. वर्षाला एक ओळ, महिन्याला एक चौकोन. पेन्सिलीचं टोक एकेका चौकोनावर टेकवत त्या मोजत गेल्या. २०१४ च्या एप्रिलपासून सगळे चौकोन 'न भरलेले'. कोकुमिन नेन्किनच्या पावत्या घरी येत होत्या, पण 'आपल्याला लागू नाही' या समजुतीने मी त्या खणात टाकत गेले होते. थकलेले हप्ते दोन वर्षं मागेपर्यंतच भरता येतात. मी बचत मोडून ऑक्टोबर २०१४ पासूनचे २४ महिने भरले, जवळजवळ पावणेचार लाख येन. त्याआधीचे सहा महिने राहून गेले. मालकाचा वाटा तर त्या सगळ्याच काळाचा गेला. त्या कागदावरचे ते सहा चौकोन मी अजून विसरलेले नाही.

म्हणून पहिलं काम हेच. तुमच्या वाढदिवसाच्या महिन्यात नेन्किन तेइकिबिन नावाचं चिकटवलेलं पोस्टकार्ड येतं. ते सोलून उघडा आणि महिने मोजा. पगारातून कापले गेलेले महिने तिथे दिसत नसतील तर पगारपत्रकं घेऊन पेन्शन कार्यालयात जा. भाषेची अडचण असेल तर जपानी येणाऱ्या कुणाला बरोबर न्या, पण जा.

आता मूळ प्रश्न. जपान सोडल्यावर जी एकरकमी परतफेड मिळते तिला दात्ताइ इचिजिकिन म्हणतात. किमान सहा महिने भरलेले हवेत आणि जपानमधला पत्ता रद्द केल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज हवा. ही रक्कम कितीही वर्षं भरली तरी ६० महिन्यांपुरतीच मोजली जाते. २०२१ च्या एप्रिलपूर्वी तर ३६ महिन्यांपुरतीच मोजत. २०२५ च्या कायद्यात ती आठ वर्षांपर्यंत वाढवायचं ठरलंय, तेव्हा तुमच्या वेळी कोणती मर्यादा लागू आहे ते पाहून घ्या.

समजा पगाराची श्रेणी २ लाख २० हजार येन आहे आणि सहा वर्षं झाली आहेत. तुमच्या पगारातून दरमहा २०,१३० येन गेले, मालकानेही तेवढेच भरले. परतफेड मिळेल १२ लाख १० हजार. त्यातून २०.४२ टक्के कर आधीच कापला जाईल. हा कर परत मिळवता येतो, पण त्यासाठी जपानमध्ये राहणाऱ्या कुणाला तरी आपला नोझेइ कानरिनिन, म्हणजे करप्रतिनिधी नेमावं लागतं. ते निघण्यापूर्वी केलेलं बरं. मालकाने भरलेल्या वाट्यातलं तुमच्या हाती काहीच येत नाही.

तीच सहा वर्षं पेन्शन म्हणून ठेवली तर २०२४ च्या दराने हिशेब असा होतो: मूळ पेन्शनचे वर्षाला १ लाख २२ हजार आणि पगारावरच्या पेन्शनचे साधारण ८७ हजार, मिळून २ लाख ९ हजार येन. ते ६५ व्या वर्षापासून, आयुष्यभर, भारतातल्या खात्यातही. सहा वर्षांच्या आत परतफेडीएवढी रक्कम हाती येते, आणि पुढचं सगळं वरचं.

पण पेन्शनला किमान दहा वर्षं लागतात (२०१७ च्या जुलैपर्यंत तर पंचवीस लागायची). इथे फार थोड्यांना माहीत असलेली गोष्ट कामी येते. भारत आणि जपान यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार आहे, १ ऑक्टोबर २०१६ पासून लागू. त्यामुळे भारतातल्या पीएफच्या पेन्शन योजनेतला काळ जपानच्या दहा वर्षांची अट पूर्ण करायला धरता येतो. नाशिकच्या शाळेत चार वर्षं पीएफ कापला गेला असेल आणि जपानमध्ये सहा वर्षं झाली असतील, तर दहा झाली. पैसे मात्र जपानकडून जपानच्या सहा वर्षांचेच मिळतात. म्हणून भारतातली शाळा सोडताना दहा-सी फॉर्मवर पैसे मागण्याऐवजी स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे पेन्शन योजनेतल्या तुमच्या काळाचा दाखला, मागा. माझं प्लॅस्टिकच्या पिशवीत, पासपोर्टशेजारी आहे. आणि हे नीट लक्षात घ्या: जपानची परतफेड एकदा घेतली की तो काळ पुसला जातो. मग करारही उपयोगाचा नाही.

पेन्शनइतकाच महत्त्वाचा दुसरा हक्क आहे नोकरीच्या मुदतीचा. २०१३ च्या एप्रिलपासूनचा नियम असा, की एकाच मालकाकडे मुदतीचे करार मिळून पाच वर्षांवर गेले की कामगार कायम करार मागू शकतो. विद्यापीठातल्या काही शिक्षकांना मात्र दहा वर्षं लागतात. २०१८ पासून मी एका खाजगी हायस्कूलमध्ये एकेक वर्षाच्या करारावर होते. पाचव्या वर्षी सांगण्यात आलं की हे शेवटचं. मी युनियनमध्ये गेले. युनियनने बोलणी मागितली तर योग्य कारणाशिवाय ती नाकारणं मालकाला बेकायदा आहे, आणि युनियनमध्ये जायला नागरिकत्व लागत नाही. तीन बैठका झाल्या. सहावा करार मिळाला आणि त्याच आठवड्यात मी कायम कराराचा अर्ज दिला. एका पानाचा कागद, तारीख आणि सही. मालकाला 'हो' म्हणावं लागत नाही, अर्ज दिला की त्याने मान्य केलं असंच कायदा धरतो. माझी एक प्रत शाळेच्या शिक्क्यासकट आहे.

कधी कधी पेन्शनचे पैसे काढून घे, असंही मी सांगते. गेल्या जानेवारीत साताऱ्याकडची एक मुलगी टोकियोतल्या निशिकासाइला माझ्याकडे आली होती. जपानमध्ये तीन वर्षं होत आलेली, भारतात कधी पीएफ नाही, घरी वडिलांचं आजारपण. तिला ते पैसे आत्ता हवे होते, चाळीस वर्षांनी नव्हे. पगाराची श्रेणी तीच, २ लाख २० हजार. आम्ही महिने मोजले. मार्च धरून ३६ भरत होते. ३६ महिन्यांना ७ लाख २६ हजार येन मिळतात, पण ३५ भरले तर ५ लाख ९४ हजारच, कारण हिशेब सहा-सहा महिन्यांच्या टप्प्याने होतो.

मग मी तिचा करार मागितला. शेवटची तारीख होती ३० मार्च. महिन्याच्या अखेरच्या दिवशी नोकरीवर नसाल तर तो महिना कोसेइ नेन्किनमध्ये धरत नाहीत. त्या एका दिवसाने कंपनीचा एका महिन्याचा वाटा वाचत होता आणि तिचे १ लाख ३२ हजार येन जात होते. चहा तसाच ठेवून आम्ही जपानीत पत्र लिहायला बसलो, चारच ओळींचं: कराराची अखेर ३१ मार्च करावी. खाली तिने सही केली आणि मी तिच्या करप्रतिनिधीच्या फॉर्मवर माझा पत्ता लिहिला.

दहा दिवसांनी सुधारलेला करार आला. तारीख ३१.