पोळी सोडली, तरी सकाळची साखर उतरेना

"पोळी त सोडली न मॅडम, भातही नाही. मंग शुगर काऊन उतरत नाही?" नागपूरच्या इतवारीतल्या एका मधुमेही व्यापाऱ्याचा हा प्रश्न अजून डोक्यातून जात नाही, कारण त्यांची वही त्यांच्याच बाजूने बोलत होती. रात्री जेवणानंतर दोन तासांनी साखर 140 च्या आसपास. सकाळी उपाशीपोटी मात्र 168, आणि ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली चरबी, सहा महिन्यांत 180 वरून 340.

आधी कुठेतरी त्यांना आहाराची झेरॉक्स मिळाली होती: साखर बंद, भात बंद, तेल कमी. कमी म्हणजे किती, हे त्या कागदांवर कधीच नसतं, याची मला चीड येते. तेल किती वापरता, असं मी विचारतच नाही. उत्तर "कमीच" येतं. डबा किती दिवस पुरतो, ते विचारते. चार माणसं, 15 किलोचा डबा, दोन महिने. म्हणजे माणशी रोज साधारण 62 ग्रॅम, नुसत्या तेलाच्या साडेपाचशे कॅलरी.

पोहे सोडले होते, पण त्यावर घेतात ती चण्याची तर्री, म्हणजे तेलाचा तवंग असलेला रस्सा, वाटीभर चालूच होती. संध्याकाळी तीन मुठी शेंगदाणे. 30 ग्रॅमच्या एका मुठीत जवळपास 15 ग्रॅम फॅट. रात्री दुकान बंद करून साडेदहाला अर्ध्या भाकरीसोबत सावजी मटण. त्यातलं वर तरंगणारं तेल दिसतं तरी, वाटणातलं सुकं खोबरं दिसत नाही, आणि त्यात शंभरात साठ ग्रॅमहून जास्त फॅट असतं.

फॅट जास्त झालं की जठर सावकाश रिकामं होतं, भाकरीची साखर रक्तात उशिरा उतरते. शिवाय रक्तातली मेदाम्लं वाढली की इन्सुलिनचा प्रभाव कमी पडतो. म्हणून दोन तासांचा आकडा फसवतो. मटणाच्या रात्री दोन, चार आणि पाच तासांनी मोजायला लावलं: 138, 187, 214. पिठलं आणि एका अख्ख्या भाकरीच्या रात्री: 171, 149, 136.

दुपारचं प्रकरण जास्त गंभीर होतं. जेवणात फक्त काकडी-टोमॅटो, आणि सकाळी घेतलेली ग्लिमेपिराइड 2 मिलिग्रॅम, ही साखर उतरवणारी गोळी. चार वाजता साखर फार उतरून घाम, थरथर, मग पेढे. कर्बोदकं कापली तेव्हा गोळीचा डोस कोणी तपासलाच नाही. हा दोष रुग्णाचा नव्हे. मी त्यांच्या डॉक्टरांना फोन केला, त्यांनी डोस 1 मिलिग्रॅमवर आणला.

दुपारी 60 ग्रॅम पिठाची एक ज्वारीची भाकरी परत आली, म्हणजे 40 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं. सोबत घट्ट वरण, पालेभाजी, दोन चमचे जवसाची चटणी. शेंगदाणे एक मूठ. मटण आठवड्यातून एकदा, तेही दुपारी, वरची तर्री काढून. रात्रीचा डबा साडेआठला दुकानातच. तेल महिन्याला अडीच किलो, वेगळ्या बरणीत; संपलं की संपलं.

तीन महिन्यांनी उपाशीपोटी 128, ट्रायग्लिसराइड्स 196, एचबीएवनसी, म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारा आकडा, 8.1 वरून 7.2.

पण तेल उतरलं, जेवण दोन तास अलीकडे आलं, पेढे थांबले, आणि हे सगळं एकदमच झालं. सकाळच्या आकड्यात तेलाचा वाटा किती आणि उशिरा जेवण्याचा किती, हे मला अजून वेगळं काढता येत नाही. तेच मटण, तेवढंच, एका रात्री साडेआठला खायचं आणि दीड वाजता बोट टोचायचं, असं सुचवलंय. ते तयार आहेत. त्यांच्या बायकोचा विरोध आहे, महिन्याच्या बरणीतलं तेल त्यासाठी काढायला त्या राजी नाहीत.