आमची वाटचाल : कूर्चेसाठी भांडी घडवताना

मरोळ एमआयडीसीतील आमच्या गाळ्यात पेशीसंवर्धनाची भांडी तयार होतात, आणि कूर्चा, म्हणजे सांध्यातील हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत, लवचीक ऊती, प्रयोगशाळेत वाढवण्यासाठी लागणारा स्पिनर फ्लास्क, म्हणजे चुंबकाने आतला द्रव ढवळत ठेवणारे भांडे, ही आमची खरी ओळख आहे. पहिला फ्लास्क आमचे भागीदार असलेल्या, आयुष्यभर काचकाम केलेल्या काकांनी ज्योतीवर फुंकून घडवला. झाकणातून खाली येणाऱ्या स्टीलच्या सुया, त्यांवर ओवलेल्या पीजीए या हळूहळू विरघळणाऱ्या पॉलिमरच्या, पेशी वाढवण्यासाठीच्या जाळीदार चकत्या आणि तळाचा चुंबक यांच्यातले अंतर ते व्हर्नियरने पुन्हापुन्हा मोजत. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, पोषण झिरपूनच आत जाते. त्यामुळे स्थिर द्रवात चकतीच्या कडेला ऊती दाट होते आणि गाभा उपाशी राहतो. ढवळल्याने पोषण आत पोहोचते, परंतु मिनिटाला ५० फेऱ्यांच्या संथ गतीतही भोवरे उठून चकतीभोवती तंतुमय आवरण धरू शकते. म्हणूनच अंतर आणि गती यांत आम्ही कधी तडजोड केली नाही.

या मेहनतीवर एकदा पाणीच पडणार होते. शहरातील एका मोठ्या संस्थेने आमच्या फ्लास्कांची सगळी खेप परत पाठवली. सॅफ्रानिन-ओ हा रंग लावल्यावर लाल दिसायला हवेत ते ऊतीचे काप फिकट आले होते, म्हणजे कूर्चेला दाबाखाली तग देणारे प्रोटिओग्लायकन जवळजवळ धरलेच नव्हते, आणि दोष आमच्या स्टीलला लावण्यात आला. ३१६ एल या गंजरोधक स्टीलचे प्रमाणपत्र आम्ही समोर ठेवले. ते कोणी उघडूनही पाहिले नाही. परदेशी उपकरणांची एजन्सी चालवणाऱ्या एका प्रतिस्पर्ध्याने तर ‘गाळ्यातला माल’ हे शब्द प्रयोगशाळेमागून प्रयोगशाळेत पोहोचवले. ऑर्डरी गेल्या, बिल अडकले, मुंबईच्या नागदेवी बाजारातील व्यापाऱ्यांनी उधारी बंद केली आणि कारागिरांच्या पगारासाठी मिलिंग मशीन विकावे लागले. ते शब्द मला आजही टोचतात.

परळच्या एका प्रयोगशाळेतील मॅडम आमच्या सर्वांत जुन्या ग्राहक. त्यांनी त्या संस्थेतून तिथे वापरलेल्या सीरमचा, म्हणजे पेशींच्या वाढीसाठी पोषक माध्यमात घालतात त्या रक्तद्रवाचा, तोच लॉट मागवला आणि एकाच जनावराच्या पेशी त्या लॉटमध्ये व स्वतःकडील लॉटमध्ये, आमच्या फ्लास्कमध्ये आणि स्टीलचा स्पर्शही नसलेल्या प्लॅस्टिकच्या नळीत तळाशी गोळा (पेलेट) करून वाढवल्या. त्या लॉटमध्ये दोन्हीकडचे काप फिकट आले, मॅडमच्या लॉटमध्ये दोन्हीकडे लाल. गर्भस्थ वासराच्या सीरमची प्रत्येक खेप वेगळी निघते हे या क्षेत्रात सर्वांना ठाऊक आहे. तरीही संस्थेने आम्हाला दोषमुक्त करणारी एक ओळ लिहिली नाही.

नव्याने प्रयोगशाळा उभारणाऱ्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे. सीरमचा लॉट आधी थोड्या पेशींवर तपासा आणि चांगला निघाला तर त्याचाच साठा उणे २० अंशांवर ठेवा. इन्क्युबेटरमधला पाण्याचा ट्रे कोरडा पडू देऊ नका, कारण माध्यमातले पाणी उडाले की त्यातील क्षारांचे प्रमाण वाढते. आणि सपाट प्लेटमध्ये पॅसेजवर पॅसेज करू नका, म्हणजे पेशी सुट्या करून पुन्हापुन्हा नव्या प्लेटमध्ये वाढवू नका. पेशींनी कूर्चेचे टाइप २ कोलॅजन हे प्रथिन सोडून तंतुमय ऊतीचे टाइप १ धरले की भांड्याला बोल लावण्यात अर्थ नाही.

पुढची वर्षे सुरळीत गेली. सध्या मॅडमच्याच सांगण्यावरून आम्ही दाब देणारे चेंबर घडवत आहोत, ज्यात चकती सेकंदाला एकदा, जाडीच्या सुमारे १० टक्के दाबली जाते. सांध्यावर चालताना येणाऱ्या भारासारखा हा ताल मिळाला की पेशी आपल्याभोवतीचे आधारद्रव्य अधिक तयार करतात. त्याचा कॅम, म्हणजे फिरताना दांड्याला वरखाली करणारा भाग, आमच्याच लेथवर कापलेला आहे. त्या एजन्सीने मध्यंतरी या चेंबरचा दर विचारला होता. आम्ही तो कळवलेला नाही.